आहेळीची खरी गोष्ट

पंचवटीच्या भाजीबाजारात मी पिशवी घेऊन उतरलो की अजूनही कोणी ना कोणी विचारतं, "काय गुरुजी, आहेळी काय म्हणते?" विचारणारा कधी माझा जुना विद्यार्थी असतो, कधी त्याचे वडील. एकदा तर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने माझं नाव कळल्यावर हात पुढे केला आणि म्हणाला, "म्हणजे आहेळीवाले तुम्हीच का." मी इतकी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, शेकड्यांनी मुलं लिहिती-वाचती केली, आणि गावाच्या लक्षात राहिली ती एक आहेळी. तिला मीच जन्माला घातलं होतं, याच दिवाळी अंकात, एका विनोदी लेखात. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांना पुढे सगळं कळेलच.

या वर्षी संपादकांनी विषय दिला तो वेगळा: पहिलीच्या वर्गात मुलं काय शिकतात आणि पालकांनी घरी काय मदत करावी. मी लगेच हो म्हटलं. या विषयावर बोलायला मला कोणी रात्री झोपेतून उठवलं तरी मी बोलेन, असं माझी पत्नी मंदा म्हणते, आणि ते कौतुकाने म्हणत नाही. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आहेळीचा हिशेब नीट केल्याशिवाय मला पालकांना एक शब्दही सांगता येणार नाही. तर दोन्ही एकत्रच सांगतो.

पहिलीत काय शिकवतात, असं पालक विचारतात तेव्हा त्यांना पुस्तकातली पानं ऐकायची असतात. मी सांगायचो, सुरुवातीला आम्ही डब्याचं झाकण उघडायला शिकवतो. ते हसायचे. पण ज्या मुलाला स्वतःचा डबा उघडता येत नाही, लघवीला जाऊ का म्हणून विचारता येत नाही, त्याचं सगळं लक्ष त्यातच अडकलेलं असतं. त्याच्या डोक्यात 'क' शिरायला जागाच नसते. त्यानंतर आम्ही ऐकायला शिकवतो. 'कमळ' म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या, क, म, ळ. मूल बोलतं ते सलग बोलतं. ते बोलणं तुकड्यांचं बनलेलं आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ज्याला टाळी नेमकी वाजवता आली, त्याला अक्षरं पुढे आपोआप येतात. ज्याला टाळी येत नाही त्याच्याकडून पानभर 'क' गिरवून घेतला तर त्याला पानभर 'क' येतो, वाचता येत नाही.

आणि आम्ही बोलायला शिकवतो. भिंतीवर मोठं चित्र लावायचं, कधी बाजाराचं, कधी शेताचं, आणि मुलांनी त्यात दिसेल ते सांगायचं. याला आम्ही चित्रवाचन म्हणतो. पालकांना यात वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. खरं तर सगळं लिहिणं-वाचणं त्यातूनच उगवतं. ज्याच्याजवळ सांगायला काही नाही तो लिहिणार काय?

पालकांच्या मदतीचे मी नाना प्रकार पाहिले. एका रिक्षावाल्या वडिलांचा मुलगा रोज गृहपाठ करून आणायचा. एक दिवस अक्षर फारच वाकडं दिसलं. मी विचारलं, "हे कोणी लिहिलं रे?"

"मीच."

"मग आजच असं का?"

तो म्हणाला, "पप्पा डाव्या हाताने लिहितात ना, म्हणून."

संध्याकाळी वडील घ्यायला आले तेव्हा मी वही दाखवली. ते मान खाली घालून म्हणाले, "उजव्यानं लिव्हलं असतं तर तुम्ही वळखलं असतं गुरुजी." मी त्यांना सांगितलं, तुमच्या डाव्या हातापेक्षा मुलाचं अक्षर पुष्कळ बरं आहे, त्यालाच लिहू द्या. हे त्यांना इतकं आवडलं की स्टॅंडवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

दुसरे एक आजोबा होते. नातवाकडून त्यांनी तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेतले होते. शाळेत सोडायला आले की मला फाटकात थांबवून ऐकवायचे. एकदा मी नातवाच्या पुढे मूठभर चिंचोके टाकले आणि म्हटलं, मोज बरं किती आहेत. त्याने चिंचोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून सुरू केलं, "बे एके बे." आजोबा तेव्हापासून घाटावर फिरायला जाताना नातवाला चिंचोके गोळा करायला लावू लागले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. त्या वयात पद्धत बदलणं सोपं नसतं.

आणि एकोणतीस. मराठी मुलांना छळायचंच ठरवून कोणीतरी हा शब्द केला असावा. मुलाच्या कानावर 'एक' पडतं, 'तीस' पडतं, आणि ते एकतीस लिहून मोकळं होतं. नाहीतर नऊ येणार हे त्याला ठाऊक असतं, तीस ऐकू आलेलं असतं, म्हणून ते तिसापुढे नऊ धरून एकोणचाळीस लिहितं. आया कपाळावर हात मारून घेत. "गुरुजी, याला डोकंच नाही." मी म्हणायचो, डोकं आहे म्हणून तर चुकतोय. त्याने जे ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. त्याच्यासमोर काड्यांचे दहा-दहाचे तीन गठ्ठे ठेवा आणि एक काडी काढून घ्या. तिसाला एक उणी. मग बघा. पालकसभेत माझं एक वाक्य ठरलेलं असायचं: मूल चुकतं तेव्हा बहुतेक वेळा ते कुठलातरी नियम नीट पाळत असतं, तो नियम कोणता ते शोधा.

हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं. आता पल्लवीची गोष्ट सांगतो.

पल्लवी पहिलीत आली ती सटाण्याकडच्या एका खेड्यातून. वडील टेम्पोवर होते, पहाटे भाजी घेऊन बाजारात यायचे. शेवटी रोजची ये-जा परवडेना म्हणून बायको आणि मुलीला घेऊन इथेच खोली घेतली. आईचं नाव सुरेखाबाई. त्या घरी बसून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून द्यायच्या. घरात बोलणं अहिराणीत. सटाणा, मालेगाव त्या बाजूला बोलतात ती ही भाषा. आपण 'आहे' म्हणतो तिथे ते 'शे' म्हणतात.

पल्लवी बोलकी होती. वर्गात आली त्याच दिवशी तिने मला विचारलं होतं की तुमच्या डोक्यावर केस का नाहीत. चित्रवाचनाला तिचा हात सगळ्यांच्या आधी वर. मी बाजाराचं चित्र लावलं तर ती उभी राहून सांगायची, हाई गाय शे, हाई टोपली शे. मुलं हसायची. मीही थोडा हसायचो, आणि दुरुस्त करायचो. दोन-तीन दिवस असं झाल्यावर मी तिला जवळ बोलावून प्रेमाने सांगितलं. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मी म्हटलं, "बेटा, शाळेत 'शे' म्हणायचं नाही. 'शे'च्या जागी 'आहे' म्हणायचं. लक्षात राहील?"

तिने मान डोलावली.

शनिवारी पालकसभा होती. सुरेखाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर. सभा संपल्यावर त्या पुढे आल्या आणि विचारलं, पोरीसाठी घरी काय करू. इतर आया शिकवणीचं विचारायच्या, या बाई सरळ स्वतःचं काम विचारत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही एकच करा. घरी अहिराणी बंद करा. तिच्याशी शुद्ध मराठीत बोला. याच्याहून मोठी मदत नाही."

"बरं गुरुजी," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी शेताचं चित्र लावलं. पल्लवीचा हात वर. ती उभी राहिली, चित्राकडे नीट पाहिलं, आणि एकेक शब्द जपून उचलल्यासारखी म्हणाली, "आहेतात आहेळी आहे."

वर्गाला क्षणभर कळलं नाही. मलाही नाही. मग कळलं. शेतात शेळी आहे. मी सांगितलं होतं, 'शे'च्या जागी 'आहे' म्हणायचं, तर तिने सगळ्या 'शे'च्या जागी म्हटलं होतं. आणि मी हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी हसतोय म्हटल्यावर वर्गही सुटला.

इथवर मी लेखात लिहिलं होतं. आता जे लिहिलं नव्हतं ते.

मी शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावलं आणि पल्लवीला म्हटलं, पुन्हा म्हण. तिला वाटलं आपण काहीतरी छान केलं. ती आनंदाने पुन्हा म्हणाली. बाई हसल्या. तेवढ्यात मुख्याध्यापक व्हरांड्यातून जात होते, त्यांनाही मी आत घेतलं. पल्लवी तिसऱ्यांदा उभी राहिली. या वेळी तिने आधी मुलांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. आणि खाली बसली.

माझा लेख या वाक्याने संपला होता: "आणि त्या दिवसापासून आमची आहेळी अस्खलित शुद्ध बोलू लागली." वाचकांना ते फार आवडलं. त्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली, हे खरं आहे.

सुरुवातीला माझ्या ते लक्षातही आलं नाही. पाटीवर ती बरोबर लिहायची, काड्या बरोबर मोजायची, टाळ्या बरोबर वाजवायची. पहिलीच्या वर्गात शांत बसणारं मूल शिक्षकाला गोडच वाटतं. मग एके दिवशी चित्रवाचनाला तिचं नाव घेतलं तर ती उभी राहिली आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहत राहिली, 'शे' तोंडातून निसटेल म्हणून दार लावून घेतल्यासारखी. मधल्या सुट्टीत पाहिलं तर खेळतानाही ती बोलत नव्हती, हातवारे करत होती. तेव्हा मी घाबरलो. घरी तरी बोलते का, ते बघायला त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो.

सुरेखाबाई दारातच मेथीचा ढीग घेऊन बसल्या होत्या. मला पाहून त्या चटकन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कृपया बसावे. पाणी घ्यावे."

मला आधी गंमत वाटली. ही भाषा कुठून आली? नंतर कळलं, बसस्टॅंडवरच्या घोषणांतून. शुद्ध मराठी म्हणून त्यांच्या कानावर नेमाने पडलेली ती तेवढीच होती. मी बसलो. पल्लवी कोपऱ्यात पाटी घेऊन बसली होती. सुरेखाबाई तिला म्हणाल्या, "अभ्यास कर." मग आत गेल्या, पाणी आणलं, बाहेर आल्या, जुडी बांधली. तिला म्हणाल्या, "सरळ बस." आणखी दोन जुड्या बांधल्या. खोलीत मेथीच्या काड्यांचा आवाज तेवढा होता. इतकी शांत खोली मी त्या वस्तीत कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "बाई, पल्लवी शाळेत बोलत नाही. घरी तुमच्याशी तरी बोलते ना?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. वाक्य मनात आधी जुळवत होत्या, ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "गुरुजी, मला शुद्ध कमी येते. म्हणून कमी बोलते."

मी सांगितलेला नियम त्या मायलेकींनी पाळला होता. मुलीने वर्गात, आईने घरात. आधी त्या जुड्या बांधताना तिला गावाकडच्या गोष्टी सांगायच्या, वाद घालायच्या, रागवायच्या, भाकरी थापताना गाणी म्हणायच्या. आता जेव, झोप, अभ्यास कर, सरळ बस. एवढंच शुद्ध येत होतं.

मी निफाडकडचा. आमच्या घरात 'हाय' आणि 'नाय' आणि 'लय'. माझ्या गुरुजींनी माझ्या तोंडातून 'हाय' घालवला, आणि वडील सगळ्या गावाला सांगत फिरले की आपला पोरगा आता साहेबासारखा बोलतो. नोकरी लागल्यावर मी सुट्टीत घरी गेलो की आई माझ्याशी मोजकंच बोलायची. मला वाटायचं, आई म्हातारी होतेय. त्या मेथीच्या ढिगासमोर बसून मला पहिल्यांदा कळलं की ती माझ्यापुढे चुकायला घाबरत होती.

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या शुद्ध भाषेत बोलण्यात अर्थ नव्हता. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात माझ्या खोलीवर बागलाणातला, म्हणजे सटाण्याकडचाच, एक मुलगा होता. रोज संध्याकाळी तो ताट वाजवत एक वाक्य ओरडायचा. माझ्याजवळ असलेली अहिराणी ती तेवढीच. तेही अर्धवट आठवलं. तरी मी ते सुरेखाबाईंना म्हणून दाखवलं, "माले भूक लागली शे."

सुरेखाबाई थांबल्या. जुडी हातातच राहिली. आणि कोपऱ्यातून आवाज आला, "लागनी."

मी वळून पाहिलं. पल्लवी पाटी खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती. "लागली नही, गुरुजी. लागनी." मग जरा विचार करून, मला समजेल असं हळू म्हणाली, "भूक लागनी."

मी म्हटलं, "बरं. माले भूक लागनी शे."

"शे नका म्हणू," ती म्हणाली. "लागनी, बस."

मला आयुष्यात 'शे' म्हणू नका असं सांगणारी ती एकटीच. सुरेखाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, खांदे हलत होते. मग त्या उठल्याच. "मंग बठा ना जेवाले," म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या. मी म्हणतोय, नाही हो, मला भूक नाही, मी फक्त वाक्य म्हणून बघितलं. पण ते मराठीत म्हणत होतो, आणि त्या घरात त्या क्षणी मराठी कोणी ऐकत नव्हतं. सुरेखाबाई पीठ मळता मळता बोलायला लागल्या आणि थांबेनात. इतक्या दिवसांचं साठलं होतं. मला त्यातलं निम्मं कळलं. पल्लवी मध्येमध्ये मला सांगत होती, आई काय म्हणाली ते. सहा वर्षांची मुलगी दोन भाषांच्या मध्ये बसून दोघांनाही सांभाळून घेत होती, आणि मी तिला भाषा येत नाही असं समजत होतो.

भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. जेवलो. निघताना सुरेखाबाई दारापर्यंत आल्या. मी म्हटलं, "बाई, मी चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही घरी तुमचंच बोला. भरपूर बोला. शाळेचं मराठी शिकवणं माझं काम आहे."

त्या म्हणाल्या, "बरं. आनि तुम्ही घर जाईसन शुद्ध अहिरानी बोला."

घरी येऊन मंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईंनी बरोबर गृहपाठ दिला."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला शाळेचा. पहिला शब्द मीच लिहिला, माझा 'हाय'. गुरुजींच्या घरी 'हाय' म्हणतात हे कळल्यावर वर्गात केवढी खळबळ उडाली. मग सुरगाण्याकडून आलेल्या एका मुलाने त्याचा शब्द दिला, उर्दू बोलणाऱ्या एका मुलीने तिचा. शेवटी मी 'शे' लिहिलं आणि शेजारी शेळी काढली. पल्लवीला विचारलं, हा 'शे' बदलायचा का? तिने बराच वेळ बघून सांगितलं, "एकटा शे बदलायचा. शेळीच्या पोटातला नाही." मला इतक्या वर्षांत व्याकरण इतकं थोडक्यात सांगता आलेलं नाही. ती आधीही चुकली नव्हती. माझा नियम अर्धा होता, तिने तो पूर्ण पाळला. साऱ्या वर्गात तेवढं लक्ष देऊन ऐकणारी ती एकटीच होती.

गोष्ट इथे संपली असती तर मला काही लिहायचं कारण नव्हतं. पण पुढे तीन-चार वर्षांनी या अंकासाठी मला विनोदी अनुभव मागितला. मी आहेळी लिहिली. पल्लवीच्या नावासकट लिहिली. हशा मिळेल तिथवर खरं लिहिलं, आणि पुढे मेथीचा ढीग, शांत खोली, भाकरी, सगळं गाळलं, कारण त्यात मी हास्यास्पद दिसत होतो. लेख गाजला. निरोपसमारंभांत, शिक्षकांच्या मेळाव्यांत मला तो सांगायचा आग्रह होऊ लागला, आणि मला तो आग्रह आवडायचा. शाळेच्या मैदानावर मोठ्या वर्गातली मुलं पल्लवीला 'ए आहेळी' म्हणून हाक मारताना मी ऐकलं होतं. मला वाटलं, लाडाचं नाव आहे. असं वाटणं सोयीचं होतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंचा फोन आला. नवीन पालकांसमोर बोलायला या म्हणाल्या. "आणि सर, आहेळीचा किस्सा सांगाच. त्याशिवाय मजा नाही." मी गेलो. डबा, टाळ्या, चिंचोके, एकोणतीस, डावा हात, सगळं सांगून झालं. पालक छान हसत होते. बाईंनी खूण केली. मी सुरुवात केली, "एकदा मी भिंतीवर शेताचं चित्र लावलं होतं," आणि मागच्या बाकावर नजर गेली. तिथे एक तरुण बाई बसली होती, गळ्यात मेडिकल दुकानाचं ओळखपत्र. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

ते ओठ मी कसे विसरेन? वाक्य तिथेच राहिलं. पालक वाट बघत होते. मी म्हटलं, "ही गोष्ट मी नेहमी चुकीची सांगतो. आज पूर्ण सांगतो." आणि सांगितली. नाव न घेता, पण तिसऱ्यांदा उभं राहून खाली बसण्यापासून ते भाकरीपर्यंत सगळी. फारसं कोणी हसलं नाही. 'लागनी'ला मात्र सगळे हसले, पल्लवीसुद्धा.

नंतर ती व्हरांड्यात थांबली होती. मुलीला या वर्षी पहिलीत घातलंय, म्हणाली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "गुरुजी, बारावीपर्यंत मला आहेळी म्हणायचे. फार्मसीला दुसऱ्या कॉलेजात गेले तेव्हा सुटले. भांडायला शिकले त्यामुळे, तेवढा फायदा झाला." हसत म्हणाली, पण म्हणाली. मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हटलं, "इथे चाळीस माणसांसमोर सांगितलंत, बरं वाटलं. पण ते छापलेलं आहे ना. आईने अजून जपून ठेवलंय. तिला वाटायचं, पोरीचं नाव पेपरात आलं. तिला वाचता येत नाही, आणि आत काय आहे ते मी तिला कधी सांगितलं नाही."

"मग काय करू?"

"जिथे छापलं तिथेच बरोबर छापा. आणि आईला वाचून दाखवा. तुम्ही स्वतः."

म्हणून हा लेख. पल्लवीचं नाव तिला विचारून लिहिलं आहे. "नाव राहू द्या," ती म्हणाली, "नाहीतर लोकांना कळणार कसं की आहेळीचं म्हणणं बरोबर होतं?"

पालकांना जे सांगायचं ते इतकंच. गृहपाठ मुलाला करू द्या. चिंचोके मोजू द्या. चूक दिसली की नियम शोधा. आणि तुम्हाला जी भाषा येते तिच्यात मुलाशी बोला, भाकरी थापताना, गाडीवर, बाजारात, भांडताना. शाळेची भाषा शाळा शिकवेल. घरात कोणी शुद्धतेपायी गप्प बसत असेल, तर शाळेला शिकवायला काही उरत नाही.

लेखाचा कच्चा मसुदा घेऊन मी परवा पल्लवीकडे गेलो. आता त्यांचा फ्लॅट आहे, पेठ रोडच्या बाजूला. दार सुरेखाबाईंनी उघडलं. केस पांढरे झालेत, पदर तसाच. मी तिथेच सांगून टाकलं, बाई, मी तुमच्या मुलीबद्दल जे छापलं होतं ते चांगलं नव्हतं, आज खरं वाचून दाखवायला आलोय. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि मी वाचायला लागलो. आहेळीला त्या हसल्या नाहीत. तिसऱ्यांदा उभं राहण्यापाशी त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे पल्लवी होती. नात शेजारी येऊन बसली. बसस्टॅंडच्या घोषणांपाशी मात्र त्या म्हणाल्या, "असं बोलनू व्हतू का मी?" आणि पल्लवी आतून म्हणाली, "व्हय, कृपया बसावे."

वाचून झालं. मी कागद घडी करून ठेवले. सुरेखाबाईंनी ती घडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "गुरुजी, भूक लागली शे का?"

"लागली नाही," मी म्हटलं. "लागनी."

त्यांनी मान वळवून आत हाक दिली. "ताट वाढ व माय. गुरुजी शिकनात."